मदत हवी आहे: सहकारी बँकेच्या संचालक मंडळावर एम.कॉम.चा लघुप्रबंध कसा बांधू?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

एका नागरी सहकारी बँकेत मी सोळा वर्षं नोकरी करते आहे. आधी कॅश, मग पासिंग आणि आता कर्ज विभाग. मुलगी दहावी झाली तेव्हा राहिलेलं शिक्षण पूर्ण करायचं ठरवलं आणि बाहेरून एम.कॉम.ला प्रवेश घेतला. शेवटच्या सत्राला 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स (कंपनीचा कारभार कसा चालावा आणि त्यावर नजर कुणी ठेवावी) आणि व्यवसाय नीतिमत्ता' हा विषय आहे. त्याचा लेखी पेपर असतो, शिवाय साठ-सत्तर पानांचा लघुप्रबंधही लिहावा लागतो. इथल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

विषय मनापासून आवडला आहे. तरीही वाचताना सारखं अडखळायला होतं. नोट्समध्ये कंपन्यांतले घोटाळे आणि त्यांवरचे नियम ओळीने येतात: ब्रिटनमधला १९९२ चा कॅडबरी अहवाल, मग अमेरिकेतला एन्रॉन घोटाळा, तिथलाच २००२ चा सार्बेन्स-ऑक्सली कायदा, आपल्याकडचा बिर्ला समितीचा अहवाल, कंपनी शेअर बाजाराशी करते त्या लिस्टिंग करारातलं कलम ४९, सत्यम घोटाळा, २०१३ चा कंपनी कायदा. सूचिबद्ध कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत, ऑडिट कमिटी हवी, हे सगळं पाठ झालं. जेन्सन आणि मेकलिंग यांची १९७६ ची एजन्सी थिअरीही समजली. मालक एक, कारभारी दुसरा, आणि कारभाऱ्याने मालकाचं हित पाहावं म्हणून त्याच्यावर लक्ष कसं ठेवायचं, हा तिचा गाभा.

पण हे सगळं आमच्या बँकेला लावून पाहिलं की गणित बसत नाही. आमच्याकडे मालक म्हणजे सभासद. शेअर कितीही असोत, मत एकच. कर्ज घ्यायचं तर सभासद व्हावंच लागतं. तारणी कर्जाच्या अडीच टक्के आणि विनातारणी कर्जाच्या पाच टक्के रकमेचे शेअर घ्यायचे, असा नियम मी नोकरीला लागल्यापासून पाहते आहे. ठेवीदाराला मात्र सभासद होण्याची गरज नसते. म्हणजे बँकेत पैसा ठेवीदाराचा, आणि संचालक निवडून देतात ते मुख्यतः कर्जदार. इथे मालक कोण, कारभारी कोण आणि लक्ष कुणी कुणावर ठेवायचं?

हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ पुस्तकी नाही. माझे मामा एसटीतून निवृत्त झाले. त्यांनी फंडाचे सात लाख एका सहकारी बँकेत ठेवले होते (मी नोकरी करते ती नव्हे). तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. ठेवविम्याचे पाच लाख मिळाले, दोन लाखांची अजून वाट पाहत आहेत. मामा त्या बँकेचे सभासद नव्हते, त्यामुळे त्यांनी कधी मत दिलं नव्हतं आणि वार्षिक सभेची नोटीसही त्यांना कधी आली नव्हती. "मी कुणाला निवडलंच नव्हतं, मग माझे पैसे कुणी बुडवले?" असं त्यांनी मला विचारलं. मी बँकेत काम करते, तरी मला उत्तर देता आलं नाही.

मार्गदर्शक सरांचं म्हणणं, सेन्सेक्समधल्या तीस कंपन्या घे, वार्षिक अहवालांवरून गव्हर्नन्सचा निर्देशांक काढ आणि नफ्याशी त्याचा संबंध तपास. सुरक्षित विषय आहे, पूर्वीच्या मुलांनी केलेला आहे. मला सहकारी बँकच घ्यायची आहे. सर नाही म्हणत नाहीत, पण "डेटा कुठून आणणार?" असं विचारतात.

आता खरी अडचण सांगते. डेटा माझ्या टेबलावर आहे. कर्ज उपसमितीची इतिवृत्तं माझ्याच हाताखालून जातात. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कर्जाचं मूल्यांकन मंजुरीच्या नंतरच्या तारखेचं आलं होतं. मी शेरा लिहिला आणि दोन महिन्यांत माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली. ते अजून मनात सलतं. नाव न घेता हे प्रकरण लघुप्रबंधात घालता येईल का? घालावं का?

माझे प्रश्न तीन: वाचनाचा क्रम काय ठेवू, विषय नेमका कसा आखू, आणि आतल्या माहितीचं काय करू?

ताळेबंद

ताई, मी बावीस वर्षं सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

ती इतिवृत्तं वापरू नका. नाव काढून नको, आकडे बदलून नको. नोकरीला लागताना तुम्ही गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली आहे. त्या कागदांत कर्जदाराची माहिती आहे आणि ती त्याने लघुप्रबंधासाठी दिलेली नाही. तालुक्याच्या गावात नाव वगळल्याने काहीच लपत नाही. रक्कम, वर्ष आणि धंदा लिहिला की सगळे ओळखतात. शिवाय तुमच्यावर कारवाई झाली तर उद्या कुणी शेरा लिहायला धजणार नाही. शेरा लिहिलात ते योग्यच केलंत. लेखापरीक्षकाला असा एक तारीखवार शेरा सापडला तर त्याचं अर्धं काम होतं.

आता डेटा. रिझर्व्ह बँक दंड लावते तेव्हा प्रत्येक बँकेच्या नावाने प्रसिद्धिपत्रक काढते. त्यात रक्कम असते आणि कोणत्या सूचनेचा भंग झाला तेही असतं. महाराष्ट्रातल्या नागरी बँकांची तीन वर्षांची पत्रकं काढा आणि कारणानुसार तक्ता करा: संचालक किंवा त्यांच्या नातेवाइकांशी संबंधित कर्ज, एका कर्जदाराला मर्यादेबाहेर दिलेलं कर्ज, केवायसी, अनुत्पादक (थकलेल्या) कर्जांचं वर्गीकरण वगैरे. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर २००३ पासून बंदी आहे, अपवाद अगदी मोजके. तरी हे कारण पत्रकांत पुन्हा पुन्हा दिसेल. का दिसतं, ते तुम्ही शोधायचं.

एक सावधगिरी. त्या पत्रकांतच लिहिलेलं असतं की कारवाई नियमपालनातल्या त्रुटींसाठी आहे, बँकेच्या ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर तो निवाडा नाही. म्हणून 'दंड झाला म्हणजे घोटाळा झाला' असं कुठेही लिहू नका. तोंडी परीक्षेत पहिला हल्ला तिथेच होईल.

दुसरा स्रोत वार्षिक अहवाल. तुम्हाला माहीतच आहे, वार्षिक सभेआधी छापतात आणि नंतर रद्दीत जातात. ताळेबंदाला जोडलेल्या टिपांत संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या संस्था यांच्या कर्जाची माहिती द्यावी लागते. पाच बँका, पाच वर्षं घेतलीत तरी पुरे.

तुमच्या पोस्टमध्ये एक दुरुस्ती. कर्जासोबत शेअर घेण्याचा (शेअर-जोडणीचा) नियम आता सरसकट नाही. भांडवल पुरेसं असलेल्या बँकांना त्यात सूट मिळाली आहे. ज्या वर्षांचा अभ्यास कराल त्या वर्षी नियम काय होता ते पाहून लिहा.

पहिल्याच सत्रात

मीही हाच विषय घेतला आहे, पण एम.बी.ए.ला. लेखी पेपरसाठी सत्यम कसं लिहायचं तेही कुणी सांगाल का? सगळे तीच गोष्ट लिहितात आणि मार्क मात्र सातच मिळतात.

शिकवणारी

पदव्युत्तर वर्गाला हा विषय मी शिकवते. आधी सत्यम.

सबंध गोष्ट लिहू नका, एकच बैठक घ्या. १६ डिसेंबर २००८. संचालक मंडळापुढे प्रस्ताव आहे की मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या कंपन्यांसाठी सुमारे १.६ अब्ज डॉलर मोजायचे. सत्यम आयटी कंपनी, त्या दोन जमीन-बांधकामातल्या, आणि त्या दोन्ही कंपन्या सत्यमच्या प्रवर्तकांच्याच कुटुंबाशी जोडलेल्या. मंडळात हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते. त्याच वर्षी कंपनीला उत्तम गव्हर्नन्सचा पुरस्कार मिळालेला होता; तो पुढे काढून घेतला गेला. प्रस्ताव मंजूर झाला. गुंतवणूकदार भडकले आणि काही तासांत तो मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं पत्र आलं: ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती.

आता स्वतःला त्या टेबलाशी बसवा. समोर कोणते कागद आहेत? खोलीत कुणाचा स्वार्थ बसला आहे? कोणता प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो विचारणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा कुणी नेमलं असतं? या शेवटच्या प्रश्नात स्वतंत्र संचालकाच्या 'स्वतंत्र' या शब्दाची सगळी अडचण आहे. ज्यांच्यावर नजर ठेवायची, बहुतेकदा त्यांच्याच पाठिंब्याने तो तिथे आलेला असतो. हे नीट लिहिणाऱ्याला मी सातवर कधीच थांबवलेलं नाही.

वारणाकाठ, आता तुमच्याकडे येते. तुम्हाला वाटतं गणित बसत नाही. मला तर तुमचा लघुप्रबंध तिथेच दिसतो. एजन्सी थिअरीचा मूळ पेच विखुरलेले भागधारक आणि पगारी व्यवस्थापक यांच्यातला. भारतीय कंपन्यांत तो बहुतेक ठिकाणी प्रवर्तक विरुद्ध छोटा भागधारक असा होतो. सहकारी बँकेत त्याचं तिसरं रूप दिसतं: मत असलेला कर्जदार-सभासद विरुद्ध मत नसलेला ठेवीदार. हे तीन पेच शेजारी शेजारी मांडलेत की पहिलं प्रकरण तयार. वाचनाचा क्रमही हाच ठेवा. आधी पेच, मग त्यावरची उत्तरं म्हणून समित्या आणि कलमं. समित्यांची यादी आधी पाठ केलीत तर त्या कशासाठी नेमल्या होत्या तेच कळत नाही.

दुसऱ्या प्रकरणात सहकारी बँकांसाठी सुचवलेला उपाय घ्या. मालेगाम समितीने २०११ मध्ये सांगितलं की सहकारी संस्था म्हणून निवडून आलेलं संचालक मंडळ वेगळं असावं आणि बँकिंगचा कारभार पाहणारं जाणकारांचं व्यवस्थापन मंडळ वेगळं असावं. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने शंभर कोटी आणि त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी बँकांना असं मंडळ नेमायला सांगितलं. त्याच्या तीनच महिने आधी, २३ सप्टेंबरला, पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले होते आणि खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येत होते. बुडीत कर्जं झाकायला २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचं तपासात पुढे आलं.

पण हे व्यवस्थापन मंडळ नेमतं कोण? संचालक मंडळच. म्हणजे सत्यमचाच पेच, फक्त वेश वेगळा. तुमचा संशोधन-प्रश्न एका वाक्यात असा होऊ शकेल: 'निवडून आलेल्या मंडळानेच नेमलेलं व्यवस्थापन मंडळ मत नसलेल्या ठेवीदाराचं हित राखू शकतं का?' दंडाची पत्रकं आणि अहवालांतल्या टिपा हा पुरावा. जोडीला दहा-बारा ठेवीदारांच्या मुलाखती घ्या, लेखी संमती घेऊन, आणि तुमच्या स्वतःच्या बँकेचे ठेवीदार टाळून.

बदलीचा अनुभव लिहू नका, असंच मीही म्हणेन, पण कारण वेगळं आहे. तो लिहिलात तर लघुप्रबंध तक्रार होईल, आणि तक्रारीची जागा दुसरी आहे. सूचिबद्ध आणि काही ठरावीक कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारी यंत्रणा ठेवावी लागते. तुमच्या बँकेत तशी लेखी व्यवस्था आहे का, हे मात्र जरूर पाहा. इतर बँकांच्या अहवालांत तिचा उल्लेख सापडतो का, हा तक्त्यातला एक रकाना करा. तुमचा अनुभव या रकान्याच्या रूपाने प्रबंधात येऊ द्या.

आणि प्रस्तावनेत स्वच्छ लिहा की मी या क्षेत्रात नोकरी करते. लपवलंत तर पुढचं सगळं संशयास्पद होतं.

वारणाकाठ

शिकवणारी, ताळेबंद, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री हे दोनदा वाचलं. 'मत नसलेला ठेवीदार' हे शब्द वाचले तेव्हा मामांच्या प्रश्नाला निदान एक नाव तरी मिळालं असं वाटलं.

आज रविवार म्हणून सकाळपासून दंडाची पत्रकं उतरवायला बसले. सध्या एकाच वर्षाची घेतली आहेत. संचालकांशी संबंधित कर्जाचा रकाना रिकामा राहत नाही, एवढं तर दिसतंच आहे. सरांना संशोधन-प्रश्नाचं ते वाक्य फोनवर वाचून दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सिनॉप्सिस घेऊन ये."

एक शंका उरली. 'संचालक संबंधित' या रकान्यात मी कर्ज आणि जामीनदारी एकत्र धरू का? काही पत्रकांत संचालक स्वतः कर्जदार नाही, पण दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला आहे.

ताळेबंद

वेगळे धरा. जामीन राहणं हा दुसरा दरवाजा आहे, आणि कर्जाचा दरवाजा बंद झाला की लोक याच दरवाजाने येतात. तिसरा रकाना नातेवाइकांचा करा. चौथा, संचालकाचे हितसंबंध असलेल्या संस्थांचा. चारही आकडे आले की इथे टाका, मी तपासून देईन.

वारणाकाठ

नक्की. सोमवार ते शुक्रवार कामातून वेळ मिळत नाही, पुढच्या रविवारी टाकते. तोवर एक विनंती: २०१८ ते २०२० या वर्षांचे नागरी बँकांचे छापील वार्षिक अहवाल कुणाच्या घरी पडून असतील, बँक कोणतीही चालेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टपालखर्च मी देईन, आणि फोटो काढून अहवाल परत पाठवीन.