तुळस आणि तुंबा एकाच फांदीवर? मायक्रोस्कोपच्या डेटात नेमकं काय चुकतंय

स्लाइडवाली
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पुदिन्याच्या फॅमिलीतली सहा झाडं घेतलीयेत, तुळस, सब्जा, पुदिना, तुंबा, निर्गुडी आणि साग. पानावरचे केस, स्टोमाटा (पानावरची श्वासाची छिद्रं), परागकण असे मिळून ११ कॅरॅक्टर, म्हणजे लक्षणं, आकड्यांत कोड केली, युपीजीएमएने (सारखेपणावरून गट पाडायची पद्धत) डेंड्रोग्राम, म्हणजे फांद्यांचा तक्ता काढला आणि तुंबा सरळ तुळशीला जाऊन चिकटला, पुदिना बिचारा लांब कुठेतरी. डीएनएवरच्या सगळ्या पेपरांत तुळस-पुदिना एका उपकुळात (फॅमिलीतल्या पोटगटात), नेपेटॉइडीत, आणि तुंबा दुसऱ्या, लॅमिऑइडीत. तीन वेळा एंट्री तपासली, टायपिंगची चूक नाही. मग मायक्रोस्कोपच्या कॅरॅक्टरांवर भरवसाच ठेवायचा नाही का? सबमिशनला महिना राहिलाय आणि डोकं पार आउट झालंय.

परागवेडा
आधी सांग, त्या ११ पैकी केसांचे किती? आणि तुळशीच्या परागकणाला किती खाचा (कवचावरच्या लांबट चिरा) लिहिल्यास?

स्लाइडवाली
केसांचे ७. तुळशीला ३ खाचा, तुंब्यालाही ३.

परागवेडा
सापडलं. तुळशीला ३ नसतात, ६ असतात. तू कण आडवा पडलेला बघितलास. आडव्या कणाची एकच बाजू समोर येते, सहापैकी फारतर तीन खाचा दिसतात, बाकीच्या मागे. मोजायचं ते ध्रुवाकडून, म्हणजे कण उभा राहून वरून गोल दिसतो ना तेव्हा, त्यात खाचा कापलेल्या संत्र्यासारख्या कडेला ओळीने दिसतात. कव्हरस्लिपवर सुईने हलकं दाबून सरकव, कण लोळतात, एखादा उभा राहतोच. हीच चूक मी पण केली होती, आख्खा तक्ता परत भरावा लागला.

आणि ही खाचांची भानगड या फॅमिलीत फार मोठी आहे. १९४५ मध्ये एर्टमन या परागतज्ज्ञाने परागकणावरूनच फॅमिलीचे दोन भाग केले, एकात सहा खाचा आणि कण बाहेर पडताना आत तीन पेशी, दुसऱ्यात तीन खाचा आणि दोन पेशी. डीएनए यायच्या कितीतरी आधी! त्यातला सहावाला गट पुढे डीएनएतही टिकला. पेशी मोजणार असशील तर ॲसिटोलिसिस (आम्लाची प्रक्रिया) केलेली स्लाइड घेऊ नकोस, त्यात आतलं सगळं जळून नुसतं कवच उरतं. ताजा पराग घे, ॲसिटोकार्मिनने रंगव.

जुनं_हर्बेरियम
वर सांगितलंय ते बरोबर, पण खरा घोळ त्या सात कॉलमात आहे. केसांना सात मतं आणि परागाला एक, मग झाड केसांचंच येणार ना. त्यात पानावर दाट केस असणं हे ऊन, कोरडेपणा, किडे यांच्याशी जास्त बांधलेलं असतं, नात्याशी कमी, लांबलांबच्या झाडांना सारखेच केस येऊ शकतात. आणि डेन्सिटी घेतली असशील तर कितवं पान घेतलं तेही बघ, कोवळ्या पानावर केस गच्च दिसतात, पान पसरलं की तेच केस विरळ.

म्हणून केस टाकून दे असं नाही हां. ग्रंथीवाले चपटे केस बारकाईने बघ. नुसतं ‘पेल्टेट आहे/नाही’ लिहून काही हाती लागत नाही, केसाच्या डोक्यात पेशी किती ते मोज. पुदिन्यात साधारण आठ, तुळस-सब्ज्याच्या जातीत चार. तेल जमून वरची त्वचा फुगलेली असेल तर पेशी धड दिसत नाहीत, फोकस हळूहळू खाली ने. अशी गोष्ट जवळच्या झाडांत फरक करायला उपयोगी, उपकुळ ठरवायला नाही. स्टोमाटाचं तर विसरच, डायसायटिक (छिद्राला आडव्या दोन पेशी लागून असलेले) या फॅमिलीत इतके कॉमन आहेत की त्यावरून कोण कोणाचं काही कळत नाही.

बीवाला
अजून एक, फुकटातलं. तुळशीचं आणि सब्जाचं बी पाण्यात टाक आणि बघत बस, भोवती बुळबुळीत पारदर्शक वेष्टण फुगतं. आपण बी म्हणतो पण ते खरं तर फळ, नटलेट, आणि ते वेष्टण फळाच्या सालीतलं. नेपेटॉइडीत बऱ्याच झाडांत आहे, सगळ्यांत नाही.

स्लाइडवाली
तुळशीच्या स्लाइड परत काढल्या, तासभर कण लोळवत बसले, सहा!!! अक्षरशः ओरडले लॅबमध्ये. पुदिना सहा, सब्जा सहा. केसांचे सातचे दोन कॉलम केले, आता तुळस-सब्जा-पुदिना एकत्र आले. पण तुंबा, साग, निर्गुडी तिघांना तीन खाचा म्हणून त्यांचाही एक गठ्ठा झालाय. हे तिघे जवळचे धरायचे का?

जुनं_हर्बेरियम
अजिबात नाही. तीन खाचा ही जुनी, मूळची अवस्था, या फॅमिलीबाहेरही ढिगाने झाडांत आहे. ती त्यांनी सोडली नाही एवढंच. सहा ही नवी घडलेली, म्हणून ती नातं दाखवते. एर्टमनचा तीनवाला गट नेमका ह्याच कारणाने पुढे फुटला. साग आणि निर्गुडी तर पूर्वी व्हर्बिनेसी या दुसऱ्याच फॅमिलीत होते, नंतर इकडे आणले. युपीजीएमए नुसतं सारखेपण मोजतं, जुनं-नवं त्याला कळत नाही. त्यापेक्षा डीएनएवरचं छापील झाड घे आणि तुझे कॅरॅक्टर त्यावर मांड, कुठल्या फांदीवर काय बदललं ते दिसेल.

स्लाइडवाली
म्हणजे डेंड्रोग्रामचं आख्खं चॅप्टर परत लिहायचं. बरं. आधी सागाचे कण उभे करून बघते, तेही आडवेच मोजलेत मी.