शेरीफला मराठीत काय म्हणावं?

खारुताई: अमेरिकेतल्या सेथ बुलक या माणसावरचा एक लेख मराठीत आणतेय. जन्म १८४९, कॅनडातला. १८७३ मध्ये मोन्टानात लुईस अँड क्लार्क कौंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, शेरीफ म्हणून निवडून आला. पुढे सॉल स्टार या भागीदाराबरोबर गाड्या भरून माल घेऊन ऑगस्ट १८७६ मध्ये डाकोटातल्या डेडवुड गावी पोचला आणि तंबूत हार्डवेअरचं दुकान थाटलं. मार्च १८७७ मध्ये गव्हर्नरने त्याला लॉरेन्स कौंटीचा पहिला शेरीफ नेमलं. मी 'नगरपाल' लिहिलं होतं, मुंबईच्या शेरीफला म्हणतात तसं. ज्यांनी तपासलं ते म्हणतात, हा काय फिती कापत हिंडायचा का? मग लिहू काय?

चकवा: 'कोतवाल' लिहा. छान भारदस्त आहे.

बांधावरून: भारदस्त? आमच्या गावचा कोतवाल तलाठ्याच्या हाताखाली असतो, नोटिसा वाटतो. पिस्तूलवाला बुलक कुठे आणि आमचा बाळूदादा कुठे!

चकवा: पूर्वीचा कोतवाल म्हणतोय मी. घाशीराम आठवा.

खारुताई: घाशीराम आठवला म्हणूनच नको. बुलकची ख्याती गोळी न झाडता नुसत्या नजरेने माणूस गप्प करण्याची होती.

जुना बाजार: शेरीफ हा अरबी 'शरीफ'च. सज्जन माणूस. सरळ गोष्ट आहे.

शुद्धमती: मुळीच नाही. जुन्या इंग्रजीत शायर म्हणजे परगणा, रीव म्हणजे राजाचा कारभारी. शायर-रीवचा शेरीफ झाला. म्हणून 'परगणाधिकारी' लिहा. 'महापौर' शब्दही आधी लोकांना हसू आणायचा, आता कोणी मेयर म्हणत नाही.

बांधावरून: महापौर बोलता येतो हो. 'परगणाधिकारी, बंदूक खाली टाका' म्हणेपर्यंत समोरचा घोड्यावर बसून पसार.

टिपण: कामावरून बघू या. अमेरिकेतला शेरीफ बहुतेक ठिकाणी निवडून येतो, तुरुंग सांभाळतो, शिवाय कोर्टाचे समन्स आणि जप्तीही बजावतो. म्हणजे थोडा फौजदार, थोडा बेलीफ. दोन्ही एका शब्दात बसत नाहीत. शेरीफच ठेवा. आणि 'नगरपाल' इतकाही फितीवाला नाही. मुंबईचं पद शोभेचं आहे खरं, १९८० मध्ये दिलीपकुमार त्यावर होते. पण उच्च न्यायालयाने एखादं जहाज अडकवून ठेवायचा हुकूम दिला, तर तो बजावतं शेरीफचंच कार्यालय.

शुद्धमती: म्हणजे कौंटीला कौंटी, शेरीफला शेरीफ. मग भाषांतर कशाला म्हणायचं?

टिपण: स्टेशनला अग्निरथविश्रामस्थान म्हणता का घरी?

जुना बाजार: माझ्या मते मूळ नाव 'शेठ बुलक' असणार. दुकानदार होता ना!

खारुताई: 😄 बायबलातलं नाव आहे, मराठी बायबलात 'शेथ'. पण खरं सांगू, टंकताना माझ्याकडूनही दोनदा शेठच झालं. शेठपणा अंगी होताच: १८७७ च्या निवडणुकीत हरला, १८७९ च्या आगीत दुकान गेलं, तरी धंदा सोडला नाही. पुढे दुकान पुन्हा जळालं तेव्हा त्या जागी हॉटेल बांधलं. ते अजून उभं आहे. आणि हो, 'हार्डवेअर'चं काय करू? आता वाचकाला संगणकाचे भाग वाटतील.

बांधावरून: आमच्याकडे 'बोहऱ्याचं दुकान'. खिळे, मोळे, बिजागऱ्या, फावडी, घमेली, दोरखंड, सगळं तिथे. आई म्हणायची, बोहऱ्याकडून कडी-कोयंडा आण. दुकानदार पुढे मारवाडी झाला तरी म्हणायची बोहऱ्याकडूनच.

चकवा: खिळा आणि मोळा वेगळे?

बांधावरून: वेगळे म्हणजे! मोळा जाड.

शुद्धमती: आमच्याकडे उलट. मोळा बारीक, चपलेत मारायचा.

जुना बाजार: चपलेतल्याला चुका म्हणतात.

खारुताई: मंडळी, शेरीफ?

चकवा: चुका म्हणजे टाचणीसारखा तो, की डोक्याला चपटा असतो तो?