तंबाखू सोडवायला नेलं तर मॅडम विचारतात "तंबाखूत काय आवडतं?" हे काय नवीन?

पाटणची_लेक:
आमच्या अण्णांना तरुणपणापासून तंबाखू-चुन्याची सवय. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा आला म्हणून दातांच्या कॉलेजात नेलं, तुकडा काढून तपासला, कॅन्सर नाही निघाला पण तंबाखू बंद करा म्हणाले आणि तिथल्याच काउन्सेलर मॅडमकडे धाडलं. मला वाटलं आता चांगली कानउघाडणी होणार. तर मॅडमचा पहिलाच प्रश्न, "तंबाखूत तुम्हाला काय बरं वाटतं?" झालं, अण्णा खुलले ना, मळायची कशी, पारावर कोण कोण येतं, सकाळी चिमूट टाकल्याशिवाय पोट साफ होत नाही, सगळं पुराण. आई बाजूला बसून धुमसतेय. शेवटपर्यंत एकदाही "सोडा" म्हणाल्या नाहीत, वर पुढची तारीख दिली. याला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात म्हणे. खरंच उपयोग होतो का याचा?

सोलापुरी_चादर:
ताई, मी हेच काम करते (दुसरीकडे), म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या अण्णांना तंबाखू वाईट हे माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो, तो बघतच माणूस पुडी फोडतो. त्याच्या मनात दोन्ही असतं, सोडायचीय पण आणि नकोय पण. आपण "सोडा सोडा" लावलं की तो आपसूक दुसरी बाजू धरतो, "आमचे आजोबा नव्वदी गाठून गेले, रोज खायचे", आणि स्वतःच्याच तोंडून ते ऐकून ऐकून त्याला ते जास्त पटायला लागतं. म्हणून सोडायची कारणं त्याच्या तोंडून यायला पाहिजेत, आपल्या नाही. आधी काय आवडतं विचारलं की भांडायला कोणी उरत नाही, मग "आणि काय खटकतं?" विचारलं तर खरं बोलतो.

ही पद्धत विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली पहिल्यांदा लिहून मांडली, दारूच्या पेशंटवर काम करता करता, आणि पुढे स्टीफन रोलनिकबरोबर वाढवली.

आमच्याकडचा एक नेहमीचा प्रसंग सांगते.
"० ते १० मध्ये, सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?"
"असंल चार."
इथं नवशिका काउन्सेलर विचारतो "चारच का?" आणि फसतो, कारण माणूस न सोडायची कारणं मोजायला लागतो. आपण विचारायचं, "चार म्हणालात, एक का नाही म्हणालात?"
मग थांबायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड. जरा वेळाने येतं, "नातू जवळ येत नाय, वास येतो म्हनतो."
आपण एवढंच, "नातवानं जवळ यावं असं वाटतं तुम्हाला."
पुढचं तोच बोलतो.

बोरिवली_फास्ट:
चांगलंय पण फार डोक्यावर घेऊ नका. कॉक्रेन म्हणजे उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिचा २०१९ चा आढावा आहे, सिगारेट सोडायला ही पद्धत बाकीच्या समुपदेशनापेक्षा सरस ठरते असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. निकोटिनची तलफ शरीरात असते, नुसत्या गप्पांनी कशी जाणार? निकोटिनच्या गम-पॅचचं (चघळायची गोळी, कातडीवर लावायची पट्टी) पण विचारा. आणि गम तंबाखूसारखी चघळत बसायची नसते, हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायची, चहाबरोबर तर अजिबात नाही. तोंडात चट्टा आहे म्हणजे गम की पॅच ते डॉक्टरच ठरवतील.

सोलापुरी_चादर:
@बोरिवली_फास्ट मान्य, गप्पा हे औषध नाहीच. पण जो माणूस अजून "बघू" म्हणतोय त्याच्या हातात गम दिली तर ती खिशातच राहते. आधी मन, मग गम.

मिश्रीवालीचा_मुलगा:
आमची आई मिश्री लावायची, दिवसातून कितीदा ते विचारू नका. भावाने डबी नाल्यात टाकली तर शेजारणीकडून आणून गोठ्यात बसून लावायला लागली, लपवाछपवी सुरू झाली बाकी काही नाही. मग आशाताईंनी बसून नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, बंद करायची म्हटली तर पहिली कुठली वेळ सोडाल?" आई म्हणाली दुपारची. दुपारची सुटली खरी. सकाळची अजून आहे, खोटं कशाला सांगू.

पाटणची_लेक:
सगळ्यांना धन्यवाद. पण घरी आम्ही काय करायचं? आई रोज टोमणे मारते, तिला गप्प कोण करणार 😅

सोलापुरी_चादर:
आईंना काउन्सेलर व्हायला सांगू नका, त्यांचा राग खरा आहे. फक्त सल्ल्याआधी परवानगी मागायची सवय लावा. "अण्णा, चट्ट्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते सांगू का?" हो म्हणाले तर दोन वाक्यात सांगा आणि विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" नको म्हणाले तर त्या दिवशी विषय बंद. चट्टा दाखवायची तारीख मात्र चुकवू नका, ती वेगळी गोष्ट आहे, तिथे अण्णांच्या मनाची वाट बघायची नाही. आणि तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन आहे १८००-११-२३५६, फोन फुकट. पण लावायचा अण्णांनी, तुम्ही नाही.

पाटणची_लेक:
नंबर फ्रिजवर चिकटवलाय. अण्णांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "मराठीत बोलत्यात का?"