भगवानदादांची 'शोकांतिका' आता पुरे करा

गिरणगावचा पोरगा

दर वर्षी १ ऑगस्टला जन्मदिवस म्हणून आणि ४ फेब्रुवारीला पुण्यतिथी म्हणून 'अलबेला'वाल्या भगवानदादांचा, म्हणजे नट-दिग्दर्शक भगवान यांचा, एकच मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. जुहूला २५ खोल्यांचा बंगला, सात दिवसांना सात गाड्या, मग 'हंसते रहना'त सगळं घातलं, तो सिनेमा पुरा झालाच नाही, बंगला गेला, गाड्या गेल्या आणि माणूस दादरच्या चाळीत. खाली हात जोडलेल्या बाहुल्यांची रांग.

यंदा माझ्या सख्ख्या मावसभावाने पाठवला आणि वर लिहिलं, 'पैसा कमावणं सोपं, टिकवणं अवघड.' म्हणजे ८८ वर्षांच्या आयुष्यातून एवढंच हाती लागलं?

भगवान आभाजी पालव. जन्म १९१३, अमरावती. बाप गिरणी कामगार, पोराला कुस्तीचा आणि सिनेमाचा नाद. मूकपटांपासून कामाला लागला. १९३८ साली 'बहादूर किसान'च्या दिग्दर्शनात हात घातला आणि पुढची दहा-अकरा वर्षं मारधाडीचे स्वस्तातले सिनेमे काढले. कपडेपट स्वतः बघायचा, युनिटच्या जेवणाची सोय स्वतः, आणि ६५ हजारांत सिनेमा उभा करायचा असं सांगतात. १९४१ मध्ये थेट तमिळमध्ये 'वनमोहिनी' काढला. चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ. हे सगळं 'अलबेला'च्या आधीचं! गिरणीतून सुटलेला माणूस पिटात बसून ज्याच्यासाठी शिट्ट्या मारायचा, तो हा.

माझं म्हणणं एवढंच की चाळीतून निघून चाळीत परत येणं ही शोकांतिका फक्त ज्यांना चाळीची लाज वाटते त्यांच्यासाठी आहे.

हिशेबी

पटलं नाही. वाक्य टाळ्यांचं आहे, पण चाळीत राहणं आणि नाइलाजाने चाळीत जावं लागणं यात फरक आहे हो. माझे वडील चाळीतच वारले, मला लाज नाही. पण त्यांनी कधी बंगला गहाण टाकून सिनेमा काढला नव्हता.

'अलबेला' १९५१ चा. त्याच साली 'आवारा' आणि 'बाजी'. त्या रांगेत उभं राहून हा सिनेमा धो धो चालला. सामाजिक सिनेमा काढ असा सल्ला राज कपूरने दिला होता म्हणे, आणि तो लागू पडला. मग पुढे? १९५३ चा 'झमेला', तोच साचा. १९६६ चा 'लाबेला', नावसुद्धा तेच फिरवून. एक पत्ता लागला की तोच पुन्हा पुन्हा टाकायचा, याला धंदा म्हणत नाहीत. तुमच्या मावसभावाचं बरोबर आहे.

गिरणगावचा पोरगा

एक गाणं गाजलं की तसलीच दहा गाणी काढणाऱ्यांनी याच शहरात टॉवर बांधलेत. ते धंदेवाले आणि हा अडाणी का? बुडाला म्हणून?

हळदोणेकर

दोघंही पैशांत अडकलात. मुळात 'अलबेला' कोणाचा?

संगीतकार चितळकर अण्णांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा. आणि अण्णांच्या मागे आमचा गोंयकार ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. 'शोला जो भडके' पुन्हा लावा आणि पडद्याकडे बघूच नका, नुसतं ऐका. बोंगो, ट्रंपेट, मध्येच सगळं थांबून पुन्हा उसळणं. १९५१ साली हिंदी सिनेमात असा आवाज किती जणांकडे होता? चिक आपल्या बँडसकट त्या सिनेमात दिसतोसुद्धा, पण त्याची पुण्यतिथी कोणी पाळत नाही. गाणी काढून घ्या आणि सिनेमा बघा. तासाभरात उठाल.

गिरणगावचा पोरगा

गाण्यांबद्दल शंभर टक्के. पण अण्णांना हेरलं कोणी ते बघा. 'वनमोहिनी'चं संगीत अण्णांचंच, १९४२ च्या 'सुखी जीवन'चंही. 'अलबेला'च्या दहा वर्षं आधी, त्यांचं नाव व्हायच्या आत. स्टंटपट काढणाऱ्या माणसाला हा कान होता.

येवल्याची

इतका वेळ वाचतेय, आणि एकाही दादाने ललिताबाईंचं नाव काढलेलं नाही. कमाल आहे.

१९४२, 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग. भगवान यांनी ललिता पवारांना थोबाडीत मारायचा प्रसंग. मारली ती खरीखुरी, इतक्या जोरात की चेहऱ्याला लकवा गेला, डाव्या डोळ्याची शीर दुखावली. उपचारांत तीन वर्षं गेली. मूकपटांपासून नायिका असलेली बाई, वय पंचविशीच्या आसपास, त्यानंतर नायिका म्हणून उभी राहिली नाही. बारीक झालेला तो डोळा घेऊन खाष्ट सासू, मग 'अनाडी'तली मिसेस डिसा, मग दूरदर्शनवरची मंथरा. तिने त्या डोळ्याचंच सोनं केलं, पण म्हणून थप्पड विसरायची?

बंगला गेला म्हणून टिपं गाळणाऱ्या मजकुरात ही ओळ कधीच नसते. हिचं काय गेलं तेही मोजा.

गिरणगावचा पोरगा

ताई, मान्य. मुद्दाम टाळलं नव्हतं, पण धागा काढताना आठवलं नाही, आणि ते जास्त वाईट. अपघात होता हे खरं, पण हे तिला सांगून काय उपयोग.

स्नेहसंमेलनवाला

मी ३० वर्षं शाळांचे नाच बसवतो. तेवढ्यापुरतंच बोलतो.

पोरांना 'भोली सूरत दिल के खोटे' शिकवायला घ्या. पहिल्या दिवशी म्हणतात, हे काय, सोपंय. कोपरं अंगाशी, पंजे सैल, एक खांदा वर, दुसरा खाली, पाय जमिनीवरून जेमतेम उचलायचे. दुसऱ्या दिवशी कळतं की जमत नाही. पोरं हात झटकतात, उड्या मारतात. भगवान काहीच झटकत नाही. सगळा ताल गुडघ्यात ठेवतो, आणि चेहरा असा की जणू शेजारच्याने ढोसलं म्हणून नाचतोय. जाडसर, बुटका, नायकासारखा काहीच नाही. समोर गीता बाली. तिच्या चपळाईपुढे तो मुद्दाम मंद राहतो, आणि नजर त्याच्यावरच जाते. अमिताभच्या नाचात हेच खांदे आहेत, हे आता सगळेच बोलतात.

हे नशिबाने येत नाही, गाण्यानेही नाही. हळदोणेकर, गाणं तेच वाजतं, पोरांना जमत नाही!

हळदोणेकर

बरं, गुडघे त्याचे. ट्रंपेट आमचा.

हिशेबी

नाच कोणी नाकारला नाही. पण पुढची ३०-४० वर्षं काय झालं? कुठल्या तरी सिनेमात लग्नाची वरात, गर्दीत भगवान, दोन ठुमके, कट. स्वतःचा स्टुडिओ असलेला माणूस दुसऱ्याच्या सेटवर आपलीच नक्कल करून पोट भरतो. हे बघवत नाही मला. तुम्ही याला काय म्हणाल, अभिमान?

गिरणगावचा पोरगा

काम म्हणेन. १९५५ चा 'झनक झनक पायल बाजे', ५६ चा 'चोरी चोरी', तिथून पुढे मिळेल ते. ३०० हून जास्त सिनेमे सांगतात. गिरणी बंद पडल्यावर आमच्या बिल्डिंगमधले साचेवाले वॉचमन झाले, भाजी विकायला बसले. तेव्हा कोणी त्यांच्या नावाने फॉरवर्ड काढला नाही. रोज उठून गेले, एवढंच. अण्णा, नट ओमप्रकाश, गीतकार राजेंद्र कृष्ण चाळीत येऊन भेटायचे म्हणतात. विसर्जनाच्या मिरवणुका त्या चाळीखाली थांबायच्या आणि दादा नाचायचे, हे तर दादरच्या जुन्या माणसांकडून कितीदा ऐकलंय.

२०१६ ला दादांवरचा सिनेमा 'एक अलबेला' आला तेव्हा आईला घेऊन गेलो. मंगेश देसाईने छान केलं होतं. आई गाण्यांना खुर्चीत हलत होती, पडझड सुरू झाली तशी म्हणाली, चल, आता रडवणार, रिक्षा मिळायची नाही. शेवट मी अजून पाहिलेला नाही.

येवल्याची

आईंना नमस्कार सांगा.

गिरणगावचा पोरगा

सांगतो. हिशेबीसाहेब, एकच विचारतो. तुमच्या घरच्या वरातीत बेंजोवाला काय वाजवतो?

हिशेबी

'भोली सूरत'च वाजवतो, आणि मीही नाचतो. पण बेंजोवाल्याचे पैसे आदल्या रात्रीच पाकिटात वेगळे काढलेले असतात.