‘फ्री लंच १०० टक्के’ बघून शाळेवर फुली मारू नका

मंडळी, नमस्कार.
इथे अमेरिकेत घर बघताना शाळांचे आकडे चाळतोय. शेजारशेजारच्या दोन प्राथमिक शाळा. मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणारी मुलं एकीत ३८ टक्के, दुसरीत चक्क १००. वस्ती तर एकच. हे कसं?
– नि.

नि.,
१०० दिसलं की पहिला प्रश्न: शाळा ‘सीईपी’त आहे का? म्हणजे कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन, २०१४-१५ पासून देशभर लागू. त्यात घरोघरचे फॉर्म नसतात. स्नॅप (अन्नासाठीची सरकारी मदत) घेणाऱ्या कुटुंबांतली, फॉस्टर (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला दिलेली) किंवा बेघर मुलं सरकारी याद्यांशी जुळवतात आणि जेवण सरसकट सगळ्यांना फुकट.

समजा, ५०० पैकी २०० नावं जुळली: ४० टक्के. केंद्र सरकारकडे बिल लावताना याला १.६ ने गुणतात, म्हणजे ६४ टक्के जेवणांना मोफतचा दर, बाकीच्यांना पूर्ण किमतीवाल्यांचा तुटपुंजा दर. आता तक्त्यात काय छापायचं? कुठे ४० येतं, कुठे ६४, कुठे १००. मुलं तीच! शिवाय २०२३ मध्ये किमान अट ४० वरून २५ टक्क्यांवर आली, त्यामुळे बऱ्यापैकी खात्यापित्या वस्तीतली शाळाही यात बसू शकते.

तुमचे ३८ बहुधा फॉर्मवरचे. तिथे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर मोफत आणि १८५ पर्यंत सवलत (जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट). २०२५-२६ साठी चौघांच्या घराची रेषा ३२,१५० डॉलर, पण सवलत ५९,४७८ पर्यंत. याला गरिबी म्हणणं जरा ताणल्यासारखंच. केंद्राच्या शाळा-तक्त्यात ‘डायरेक्ट सर्टिफिकेशन’चा (म्हणजे याद्यांशी थेट जुळलेल्या मुलांचा) वेगळा रकाना असेल तर दोन्ही शाळांचा तोच ताडून बघा.
– सु.

सु. ताईंच्या उत्तराला पुरवणी. याद्यांच्या जुळणीत आपल्यातलेच काही निसटतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पीएचडी करणाऱ्यांना स्नॅप नाही, म्हणून यादीत नाव नाही. शाळेचा फॉर्म मात्र व्हिसा विचारत नाही. तिघांचं घर, वर्षाला ३०,००० डॉलर स्टायपेंड: २०२५-२६ ची मोफतची मर्यादा ३४,६४५, म्हणजे मूल सरळ मोफतमध्ये.

फॉर्म भरतानाच्या चुका ठरलेल्या. हातात पडणारा नव्हे, कपातीआधीचा पगार लिहायचा. ‘दर दोन आठवड्यांनी’ आणि ‘महिन्यातून दोनदा’ वेगळे: १,९०० गुणिले २६ म्हणजे ४९,४००, गुणिले २४ म्हणजे ४५,६००. २०२५-२६ ची तिघांसाठी सवलतीची मर्यादा ४९,३०३, तेव्हा चुकीच्या चौकटीवर खूण केली की निकालच फिरतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तशी चौकट असते, ती रिकामी सोडली की फॉर्म परत येतो. गेल्या वर्षीची पात्रता नव्या वर्षात शाळेचे ३० दिवसच चालते.

कॅलिफोर्नियावाल्यांनी जेवण सगळ्यांना फुकट आहे म्हणून उत्पन्नाचा फॉर्म टाकून देऊ नये. शालेय जिल्ह्याला (स्कूल डिस्ट्रिक्टला) राज्याकडून मिळणारा जादा निधी याच मोजणीवर ठरतो.
– वि.