मदत हवी आहे: सात वर्षं मत्ता व दायित्वाच्या विवरणपत्रात स्थावर 'निरंक' लिहिलं, आता काय करू? (नाशिक)

सिन्नरफाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे वाचक म्हणून जुना आहे, लिहितोय पहिल्यांदाच. नवीन आयडी का काढलाय ते पुढे कळेलच.

मी राज्य शासनाच्या नाशिकमधल्या एका कार्यालयात लिपिक-टंकलेखक आहे, गट क. २०१३ मध्ये लागलो. दरवर्षी उन्हाळ्यात आस्थापनेकडून मत्ता व दायित्वाचे, म्हणजे मालमत्ता आणि कर्जाचे, कोरे नमुने येतात. ३१ मार्चची स्थिती लिहायची आणि ३१ मेपर्यंत बंद पाकिटात द्यायची. खरं सांगायचं तर मी काय करत आलो, तर मागच्या वर्षीची झेरॉक्स काढायची, तारीख बदलायची, सही ठोकायची, पाकीट चिकटवायचं. नोकरीला लागताना माझ्या नावावर काहीच नव्हतं, म्हणून स्थावर मालमत्तेच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं. तेच निरंक आजपर्यंत चालत आलं.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या.

एक, ऑगस्ट २०१८ मध्ये वडील गेले. सिन्नर तालुक्यातल्या जमिनीला वारस नोंद लागली. सातबारावर सामाईकात आई, मी आणि दोन बहिणी. क्षेत्र १ हेक्टर ६० आर. मी कसत नाही, चुलत भाऊ कसतो, आणि मला त्यातून एक पोतं कांदाही येत नाही.

दोन, २०२१ मध्ये आडगाव शिवारात बाराशे चौरस फुटांचा एनए प्लॉट घेतला, पत्नीच्या नावावर, ९ लाख ६० हजारांना. सासऱ्यांनी ४ लाख दिले (तिच्या खात्यावर, बँकेतून), ४ लाख मी कर्मचारी पतसंस्थेतून काढले, बाकीचे बचतीतले आणि तिच्या शिकवण्यांचे. खरेदीच्या आधी कार्यालयाला कळवायचं असतं हे मला खरेदीनंतर वर्षभराने कळलं. मग भीतीने गप्प बसलो.

आता विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलत भावाशी दावा सुरू आहे. मागच्या आठवड्यात गावात चारचौघांत म्हणाला, "तुझं मत्ता-दायित्व माहिती अधिकारात काढतो आणि लाचलुचपतला देतो." तेव्हापासून झोप उडालीये. पैसा सगळा सरळ आहे, देवाशपथ. पण कागद सरळ नाहीत.

या वर्षीचं विवरणपत्र अजून दिलेलं नाही. आता एकदम सगळं लिहिलं तर "इतकी वर्षं का लपवलं" म्हणतील. नाही लिहिलं तर भाऊ आहेच. काय करावं?

कळवणकर

दादा, ती पाकिटं कोणी उघडत नाही. कपाटात ढीग लागतो, उंदरांना तरी उपयोग होतो. उगाच स्वतः जाऊन फोडू नका.

चांदोरीचा

सासऱ्यांनी दिलेल्या चार लाखांचा २०२१ च्या तारखेचा एक नोटरी कागद करून घ्या. स्टॅम्पवाले देतात जुळवून. काम फत्ते.

नाझरअण्णा

चांदोरीकर, हा सल्ला मनातच ठेवायला हवा होता. मुद्रांकाच्या मागे विक्रेत्याचा अनुक्रमांक आणि तारीख असते, त्याची नोंद त्याच्या वहीत असते. आज जो माणूस फक्त विसराळू आहे, तो त्या कागदाने बनावट दस्त करणारा होईल. शिवाय गरज काय? पैसे बँकेतून आलेत, पासबुकापेक्षा मोठा साक्षीदार कोणता? बापाने मुलीला दिलेल्या पैशावर प्राप्तिकरही लागत नाही.

सिन्नरफाटा, मी एकतीस वर्षं आस्थापना आणि नाझर शाखेत काढली. ही पाकिटं मोजून कपाटात ठेवली आणि चौकशीच्या वेळी बाहेरही काढली. कळवणकर म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. पाकीट एरवी उघडत नाहीत. पण तक्रार आली की पहिलं तेच उघडतात, आणि तेव्हा आतली शाई बदलता येत नाही.

तुमच्या धाग्यात मला एक गोष्ट दिसली, ती तुम्हाला दिसली का माहीत नाही. पतसंस्थेचं कर्ज तुम्ही दायित्वात लिहीत होतात का?

सिन्नरफाटा

हो अण्णा, ते लिहिलं. मार्च २०२२ पासून दरवर्षी. "पतसंस्था कर्ज, प्लॉट खरेदीकरिता."

नाझरअण्णा

म्हणजे दायित्वात प्लॉटचं कर्ज आहे आणि मत्तेत प्लॉटच नाही! अहो, लपवणारा माणूस असं करत नाही. हसू नका, हाच तुमचा बचाव आहे. कर्जाचं कारण तुम्ही स्वतःच्या हाताने शासनाला कळवलेलं आहे. कार्यालयाला पत्र द्याल, त्यात हे पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे.

आता नीट ऐका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १९ वाचा, सगळा तिथे आहे. त्यात वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आहेत आणि लोक त्यांचा काला करतात. नोकरीत लागताना मत्ता-दायित्व जाहीर करायचं, ही एक. त्यात वारसाने आलेली, विकत घेतलेली, गहाण असलेली, स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या नावावरची सगळी मालमत्ता येते. दुसरी जबाबदारी व्यवहाराची. स्थावर मालमत्ता घ्यायची, विकायची, दान द्यायची असेल, तर आधी कळवायचं, मग ती स्वतःच्या नावावर असो की घरच्यांच्या. आणि ज्याच्याशी कार्यालयीन संबंध येतो अशाशी व्यवहार असेल तर नुसतं कळवून भागत नाही, आधी परवानगी लागते. तुमचा प्लॉट विकणाऱ्याचं कुठलं काम तुमच्या टेबलावर होतं का? नसेल तर तसं पत्रात स्पष्ट लिहा. दरवर्षीचं विवरणपत्र ही तिसरी गोष्ट.

म्हणजे तुमच्या चुका दोन आणि त्यांचं वजन वेगळं. जमीन वारसाने आली, त्यात तुमचा व्यवहार काही नाही. फक्त वार्षिक विवरणात लिहायची राहिली. प्लॉटला मात्र पूर्वसूचना नव्हती, तो नियमभंग आहे. तो मान्य करा, 'अनवधानाने' हा शब्द एकदाच वापरा, तीनदा नको. त्याची कारवाई शिस्त व अपील नियमांखाली होऊ शकते. साधारणपणे ताकीद, ठपका, फार तर वेतनवाढ रोखणं. स्वतःहून आलेल्या माणसाकडे साहेब वेगळ्या नजरेने बघतो, आणि तक्रारीनंतर सापडलेल्याकडे वेगळ्या. मी दोन्ही पाहिलेत.

काय करायचं ते सांगतो. या वर्षीचं विवरण पूर्ण आणि खरं भरा. त्याच्यासोबत वेगळं पत्र द्या, ते पाकिटात कोंबू नका. नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे, कार्यालय प्रमुखांमार्फत, दोन प्रतीत, एका प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेऊन या. सोबत सातबारा, आठ अ, वारस नोंदीचा फेरफार, खरेदीखत, सूची दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), पतसंस्थेचा मंजुरी आदेश, पत्नीच्या खात्याचा त्या महिन्याचा उतारा. जमिनीत "सामाईक, चार वारस, माझा हिस्सा अविभक्त, उत्पन्न नाही" असं लिहा. बहिणींचं क्षेत्र स्वतःच्या नावावर चढवू नका, वाटणी झालेली नाही. प्लॉटला खरेदीची किंमतही लिहा आणि सध्याचं मूल्यही. सध्याच्या मूल्याला रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दर धरा, दलाल सांगतो ते नाही. सिंहस्थ तोंडावर आलाय, आडगावला दलाल काहीही सांगतील.

सिन्नरफाटा

अण्णा, डोळ्यांत पाणी आलं. एक शंका. पत्नी म्हणते प्लॉट माझा आहे, बाबांनी पैसे दिलेत, तुमच्या फॉर्मात माझं नाव कशाला.

नाझरअण्णा

चार लाख बाबांचे, चार लाख पतसंस्थेचे. पतसंस्थेचा हप्ता कोणाच्या पगारातून कापला जातो? वहिनींना एवढंच विचारा, शांतपणे, जेवण झाल्यावर.

वकीलताई

अण्णांनी विवरणपत्राचं सांगितलंच आहे, मी माहिती अधिकाराचं सांगते. कारण तुमच्या भावाची माहिती अधिकाराची धमकी जरा पोकळ आहे, पण म्हणून निश्चिंत राहू नका.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणात म्हटलं की कर्मचाऱ्याची मालमत्ता, प्राप्तिकर विवरण, त्याच्यावरच्या शिस्तभंगाच्या नोटिसा ही कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती आहे. व्यापक जनहित दाखवलं तरच मिळेल. आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते कलमच बदललं आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने त्यातला जनहिताचा अपवाद काढून टाकला. आता त्या कलमात नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. कलम ८(२) मात्र शिल्लक आहे: जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर कार्यालय माहिती देऊ शकतं. विहिरीच्या पाळीचं भांडण हे जनहित नव्हे, हे सांगायला मोठा वकील लागत नाही.

समजा कार्यालय द्यायचा विचार करतंय, तर कलम ११ खाली तुम्हाला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस यायला हवी. ती हातात पडल्यापासून दहा दिवसांत हरकत द्यायची. ती तारीख चुकवू नका. भावाला नकार मिळाला तर तो तीस दिवसांत पहिलं अपील करेल, मग माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठापुढे दुसरं. तिथपर्यंत तुमची विहीर आटलेली असेल.

पण पाकीट मिळालं नाही म्हणून धोका टळत नाही. त्याला तुमचं पाकीट हवंच कशाला? सातबारा महाभूलेखवर आहे, त्यावर तुमचं नाव आहे. प्लॉटची सूची दोन कोणालाही काढता येते. भावाने या दोन कागदांना एक तक्रारअर्ज जोडला की चौकशी अधिकारी स्वतःच तुमचं पाकीट मागवेल. म्हणून अण्णा म्हणतात ते आज करा. लाचलुचपतची भीती थोडी कमी करा. त्यांचा विषय अपसंपदा, म्हणजे कायदेशीर उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता. तुमचे पैसे कुठून आले ते रुपयागणिक दाखवता येतं. विवरणात न लिहिणं हा वर्तणुकीचा दोष आहे, तो आपोआप अपसंपदा होत नाही.

(मला व्यक्तिशः हे दुखतं, हेही सांगते. मी दहा वर्षं लोकांना अर्ज लिहून दिले. आता खरोखरच्या लबाड साहेबाविरुद्धही तेच उत्तर येणार, "वैयक्तिक माहिती". तुमच्यासारख्याला ढाल मिळाली, आणि त्याच ढालीमागे दुसरेही उभे राहतील.)

तपोवनवाला

सगळं कारकुनाच्याच मानगुटीवर! पुढाऱ्यांचं काय?

वकीलताई

पुढाऱ्यांचं उलटं आहे. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर आमदार-खासदारकीच्या उमेदवाराला मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि ते कोणीही वाचू शकतं. महापालिकेच्या उमेदवारांनाही शपथपत्र आहेच. २०१८ च्या लोकप्रहरी निकालापासून उत्पन्नाचा स्रोतही सांगावा लागतो. खासदाराला शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत सभागृहाकडे पुन्हा मालमत्ता जाहीर करावी लागते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची विवरणं मे २०२५ पासून संकेतस्थळावर आहेत. म्हणजे न्यायाधीशाचा फ्लॅट तुम्ही घरबसल्या वाचू शकता, तालुक्याच्या लिपिकाचा नाही. हे मला अजून नीट पटलेलं नाही, पण आहे ते असं आहे. शपथपत्र उघडं असतं म्हणून ते खरं असतं असंही नाही म्हणा, तपासणार कोण?

कळवणकर

उत्तर प्रदेशात २०२४ मध्ये सुमारे २ लाख ४४ हजार कर्मचाऱ्यांचा ऑगस्टचा पगार अडवला होता, मालमत्ता पोर्टलवर भरली नाही म्हणून. आता आठवलं. माझा वरचा उंदराचा सल्ला मागे घेतो. मीही मागच्या वर्षीची झेरॉक्सच देतो हो.

सिन्नरफाटा (नऊ दिवसांनी)

अपडेट. पत्र दिलं. आवक लिपिकाने "दोन प्रती कशाला" विचारलं, मी म्हटलं शिक्का मारा. मारला. क्रमांक मिळाला.

साहेबांनी बोलावलं. पत्र पूर्ण वाचलं. दायित्वाच्या ओळीपाशी थांबले, मागच्या वर्षांची पाकिटं मागवली, चार फोडली, चारही ठिकाणी कर्जाची ओळ होती. "खुलासा मागवीन, लेखी द्या," एवढंच म्हणाले. खुलाशाचं पत्र काल हातात पडलं, सात दिवसांची मुदत आहे. अण्णा, मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.

पत्नीला जेवण झाल्यावर विचारलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पासबुक स्वतः आणून दिलं.

चुलत भावाचा अर्ज अजून तरी आलेला नाही. पण एक गंमत. मी शिक्का मारून जागेवर येतो तोच शेजारच्या टेबलावरचे दोघं आणि लेखा शाखेतले एक काका, तिघांनी हळूच पत्राची झेरॉक्स मागितली. नाव-गाव काढून मसुदा इथे टाकला तर चालेल का?

नाझरअण्णा

टाका. गट नंबर आणि आवक क्रमांकही खोडा. आणि खुलासा सातव्या दिवशी नको, चौथ्या दिवशी द्या.