'फॉर कीप्स' आणि 'फॉर गुड': दोन्ही 'कायमचं'च ना?

अनुस्वार:
भाषांतरात एक अमेरिकन पात्र म्हणतं, "वी आर प्लेइंग फॉर कीप्स नाऊ." कोशात अर्थ मिळतो 'कायमचं'. पण 'आता आपण कायमचं खेळतोय' हे काही पटत नाही. मग 'फॉर गुड'पेक्षा हे वेगळं कसं? आणि कंपनीच्या पत्रात 'द ऑफिस इज क्लोज्ड फॉर कीप्स' चालेल का?

पोटफोड्या:
हा गोट्यांच्या खेळातला शब्द आहे. अमेरिकेत दोन अटींवर डाव मांडत. 'फॉर फेअर' म्हणजे डाव संपला की ज्याच्या गोट्या त्याला परत. 'फॉर कीप्स' म्हणजे जिंकलेली गोटी जिंकणाऱ्याची. तिथला 'रिंगर' हा खेळ घ्या: 10 फुटी रिंगणात 13 गोट्या, त्यातल्या 7 आधी बाहेर काढेल तो जिंकला. स्पर्धेत तो 'फॉर फेअर'च खेळतात, त्यामुळे हरणाऱ्याचं काही जात नाही. 'कीप्स'मध्ये मात्र खिसा रिकामा होतो.

म्हणून 'प्ले फॉर कीप्स'मध्ये काळापेक्षा पणाला लावणं मोठं. तुमच्या वाक्यात 'कायम' हा शब्दच नको. 'आता लुटुपुटूचा खेळ संपला' किंवा 'आता हातचं राखून खेळायचं नाही', पात्राच्या तोंडी शोभेल ते घ्या.

कानामात्रा:
'प्ले' सोडून दुसरं क्रियापद आलं की 'कायमचं' बसतं. 'इज इट माइन फॉर कीप्स?' म्हणजे 'हे मला कायमचं दिलं ना, परत नाही ना मागणार?' मिळालेलं हातून जाऊ न देणं हा त्याचा गाभा.

'फॉर गुड' हे 'फॉर गुड अँड ऑल'चं आखूड रूप. 'चांगल्यासाठी'शी त्याचा संबंध लावू नका, हमखास फसाल. ते सोडणं, बंद होणं, निघून जाणं अशा क्रियापदांना चिकटतं आणि बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. 'शी लेफ्ट पुणे फॉर गुड' म्हणजे पुणं कायमचं सोडलं, मग भलं होवो की वाईट. मराठीत नुसतं 'ती कायमची गेली' लिहिलंत तर वाचणारा हळहळेल, तेव्हा गाव सोडल्याचं स्पष्ट लिहा.

पत्रात 'क्लोज्ड पर्मनंटली' लिहा. 'क्लोज्ड फॉर कीप्स' बोलण्यात क्वचित ऐकू येतं, पण ते खेळकर वाटतं. कुलूप लागल्याच्या बातमीत तो सूर नको.

अनुस्वार:
आणि नामाच्या आधी? 'अ फॉर कीप्स जॉब'?

पोटफोड्या:
नाही. तिथे सरळ 'पर्मनंट जॉब'. बोलीभाषेत नामाआधी 'पर्मा' जोडतात: गेममधून कायमची हकालपट्टी झाली की 'पर्माबॅन', पात्र मेलं आणि पुन्हा जिवंत होत नसेल तर 'पर्माडेथ'. पण 'पर्माजॉब' कोणी म्हणत नाही, तेव्हा स्वतः जोड्या जुळवत बसू नका.

कानामात्रा:
शेवटचा 'स' खाऊ नका. 'फॉर कीप' असा प्रयोग नाही. 'अर्न युअर कीप'मधला 'कीप' वेगळा, तो राहण्याजेवण्याचा खर्च.